मी सांगेपर्यंत

आमची पोस्ट बर्फात होती, चौदा हजार फुटांवर. मी सेक्शन कमांडर, हवालदार. लान्स नायक दयाराम माझा एलएमजी गनर, हलकी मशीनगन त्याच्याकडे. मी जळगावचा, तो धुळ्याजवळच्या खेड्यातला, म्हणून जरा जास्तच जवळचा. एकदा त्याला पहाऱ्यावर उभं करून म्हणालो, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही." मग गडबडीत बदली जवान पाठवायचं विसरलो. दोन तासांची ड्यूटी त्याने पाच तास केली. तक्रार नाही. असला जवान मिळायला नशीब लागतं, असं मी सगळ्यांना सांगायचो.

पेन्शनीत आल्यावर दोघांनाही आमवाताने गाठलं. आधी त्याला. भेटायला गेलो तर गुडघे सुजून लालबुंद, बोटांत चहाचा कप धरवत नव्हता. दुखण्यावर फौजेत मला एकच औषध ठाऊक झालेलं, एमओची, म्हणजे फौजी डॉक्टरची, चिठ्ठी आणि बेड रेस्ट. उंटावरचा शहाणा मी, मीच एमओ झालो.

"पूर्ण आराम. मी सांगेपर्यंत खाट सोडायची नाही."

"जी, उस्ताद."

पुढच्याच महिन्यात माझे घोटे आणि मनगटं धरली. मीही पडून राहिलो, तर जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं. सूज भडकली असेल तेव्हा बेताने घ्या, पण पडून राहाल तर स्नायू जातील, म्हणाल्या. गोळ्या वेळेवर आणि चालणं रोज. सकाळी सहाला मी मेहरूण तलावाकाठी चालायला लागलो. पहिले आठ दिवस डोळ्यांत पाणी यायचं. तीन महिन्यांनी शर्टाची बटणं माझी मी लावू लागलो.

दर रविवारी दयारामला फोन करायचो.

"रिपोर्ट?"

"ठीक शे, उस्ताद. हुकूम चालू शे."

मला वाटायचं, गंमत करतोय. हसून फोन ठेवायचो. माझ्या चालण्याच्या बढाया मारल्या, पण 'तूही चाल' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. तो चालतच असेल, असं धरून चाललो.

चौथ्या महिन्यात त्याच्या बायकोचा, कमलवहिनींचा फोन आला.

"भाऊ, त्या कोनंच ऐकतस नही. डॉक्टरनी चालाले सांगं, तरी उस्तादना हुकूम शे म्हनतस."

पहिली एसटी धरली. खाटेवर दयाराम होता. मांड्या वाळलेल्या, गुडघे वाकले ते सरळच होईनात.

"गाढवा, उठला का नाहीस?"

"तुम्ही सांगं नही ना."

त्याच्या पायांशी बसून मी रडलो, वहिनींच्या देखत. लाज वाटली नाही.

तिथेच मुक्काम ठोकला. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला. रोज सकाळी गरम पाण्याचा शेक, मग पाय उचलणं, मोजून दहा वेळा. एकही जास्त नाही. तो दात आवळायचा, मी आकडे मोजायचो. त्याने पुन्हा अंगणापर्यंत चालावं, यापलीकडे मला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

अकराव्या दिवशी सहा दहाला वॉकर धरून तो उभा राहिला. दोन पावलं टाकली.

"आजून एक टाकू, उस्ताद?"

"टाक."

तिसऱ्या पावलाला धाप लागली. ओठ निळे पडले. दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"दयाराम, श्वास घे. हुकूम आहे माझा. घे श्वास."

सात चाळीसला तो गेला. फार दिवस पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सेक्शनचा एकही जवान पडला नाही, असं मी लग्नाकार्यात छाती फुगवून सांगायचो. आता कुणी विचारलं तर म्हणतो, एक पडला. लान्स नायक दयाराम. घरच्या खाटेवर, माझ्या हुकमाने.