मरळीसाठी किती जाड तंगूस

मळवलीला भातखाचरांच्या खाली एक तळं आहे. लांबी माझ्या पावलांनी बेचाळीस, रुंदी सव्वीस. त्याची निम्मी मालकी एका विधवा बाईंची आणि निम्मी त्यांच्या पुतण्याची. बाईंना मी मावशी म्हणतो. पुतण्या पस्तिशीचा, शेजारच्या बंगल्यांची देखभाल करतो. लोणावळ्याहून दर रविवारी मी तिथे फ्लाय फिशिंगला जातो. दोघांनी मला कधी अडवलं नाही. चिलापी धरायची आणि सोडायची, एवढाच माझा उद्योग. पुतण्याच्या मते हा उद्योग रिकाम्या माणसाचा.

मेच्या शेवटी पाणी कंबरेएवढं उरलं होतं आणि दुपारी एकतीस अंशांपर्यंत तापत होतं. मावशींनी बदकाची अकरा पिल्लं पाळली होती. त्यातली सात तीन आठवड्यांत गेली. सातवं पुतण्याच्या डोळ्यांदेखत गेलं. पाणी फुगलं, चपकन आवाज झाला, संपलं. मोठी मरळ असं करते. त्याने ब्लीचिंग पावडरचं पंचवीस किलोचं पोतं आणलं आणि सांगितलं की रविवारी संध्याकाळपर्यंत मरळ निघाली नाही तर तो ते पाण्यात ओतणार. म्हणजे मरळ जाईलच, पण चिलापी, बेडूक, शिंपले सगळंच जाईल, आणि मावशींची म्हैस त्याच पाण्यावर होती. मावशींनी विरोध केला. पण निम्मं तळं त्याचं होतं, आणि पाण्यात काही निम्म्यावर रेघ मारता येत नाही.

या वेळी मी शनिवारीच सकाळी पोचलो तेव्हा मावशी बांधावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आठवडाभर दोरं मोजतूस न्हवं? मंग येक मासा काढ."

दोरे मोजतो हे खरं होतं. कारखान्यात मी मापं तपासतो. घरीही मायक्रोमीटर आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गळात वजन शिशाचं असतं. इथे केस आणि पिसं बांधून केलेल्या नकली माशीला वजनच नसतं, म्हणून फेकायचं वजन जाड, रंगीत दोरीत असतं. त्या दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधतात, तो लीडर. त्याचा शेवटचा, सगळ्यात बारीक तुकडा म्हणजे टिपेट, आणि माशी त्याला बांधलेली. टिपेट सगळ्यांत कमजोर हवा. तो टिकला आणि दोरी वरून तुटली, तर मासा सगळा लीडर ओढत काठच्या पाणकणसाच्या गवतात जातो, अडकतो आणि तिथेच मरतो. टिपेट फार कमजोर असला तर माशी गेलीच, आणि मासाही शहाणा होतो.

चिलापीसाठी मी ०.२० मिलिमीटर वापरतो. मरळीसाठी मी ०.२६ घेतला आणि तो मला सढळ वाटला. आकडा हवेतून घेतला नव्हता. गॅलरीच्या गजाला तंगूस टांगून खाली पाण्याचा कॅन बांधला होता आणि एक एक मग पाणी ओतत गेलो होतो. चार किलो सहाशे ग्रॅमला तो गाठीपाशी तुटला. तळ्यातली मरळ तीन किलोंवर असणार नाही असा माझा अंदाज होता. म्हणजे दीडपट ताकद. वहीत तसं लिहिलं आणि निश्चिंत झालो.

साडेनऊला मरळीने बेडकासारखी बांधलेली माशी घेतली. मी काठी उचलली, दोरी ताणली गेली, एकच हिसका बसला आणि सगळं सैल पडलं. टिपेट गाठीपाशी तुटला होता. गळ लागला होता तिच्या उजव्या जबड्याच्या कोपऱ्यात. ती वळताना मला तो लख्ख दिसला होता.

पुतण्या मागे उभा होता. हसला नाही. म्हणाला, "साहेब, आमच्याकडं धान्याच्या गोणी शिवायचा दोरा हाय. देऊ का?"

मावशी उठून म्हशीकडे गेल्या, आणि तेच मला जास्त लागलं.

दुपारी मी लोणावळ्यात, जाळी आणि तंगूस विकणाऱ्या एका भाईंच्या दुकानात गेलो. पन्नास वर्षांचं दुकान, वडिलांपासूनचं. मी त्यांना वहीतला आकडा दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "कॅन भरताना तंगूस कोरडा होता?"

होता.

"आणि पाणी मगाने हळूहळू ओतलंत?"

हो.

"मरळ मगाने ओढते का, साहेब?"

गिऱ्हाइकांसमोर मला लाज वाटली, पण त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. नायलॉन पाणी पितं आणि कमजोर होतं, हे मी वाचलेलंही होतं. फक्त गॅलरीत ते करून पाहिलं नव्हतं. पाण्यातल्या कामाचं माप मी उन्हात घेतलं होतं.

त्यांनी तीन रिळं दिली: ०.३५, ०.४० आणि ०.४५. घरी येऊन मी तिन्हींचे तुकडे बादलीत दोन तास भिजवले. या वेळी तीन किलोंचा कॅन हातभर उंचीवरून सोडून हिसका दिला. जुना ०.२६ पहिल्याच हिसक्याला गेला. ०.३५ दोन हिसके टिकला, तिसऱ्याला गेला. ०.४५ तुटलाच नाही. त्याऐवजी माझ्या जुन्या दोरीच्या टोकाचा, लीडर अडकवायचा फास उपटून आला. म्हणजे मरळ सगळा लीडर घेऊन गेली असती. मी फास नव्याने बसवला आणि ०.४० लावला. नऊ हिसके टिकला, दहाव्याला तुटला, आणि तुटला तो टिपेटच्याच गाठीत. तीन वेळा करून पाहिलं. दुसऱ्यांदा आठव्याला, तिसऱ्यांदा अकराव्याला, पण दर वेळी तिथेच. लीडरही आखूड केला, सहा फुटांचा. बेडकासारखी माशी मोठी होती, हवेत अडायची, आणि लांब, बारीक तंगूस ती पुढे टाकू शकत नव्हता. तळ्याचं पाणी गढूळ होतं, बारीक तंगुसाची गरजच नव्हती. तो मी सवयीने निवडला होता.

माझ्या बायकोने गॅलरीतलं पाण्याचं तळं पाहिलं आणि फडकं आणून पुढ्यात टाकलं.

रविवारी सकाळी सातपासून मी फेकत होतो. पिल्लं डालग्याखाली झाकलेली. पोतं बांधावर ठेवलेलं. पुतण्या मधूनमधून येऊन पाहून जायचा. दर अर्ध्या तासाने मी टिपेट बोटांत धरून तपासत होतो. अकरापर्यंत एक चिलापी, नंतर काही नाही. दुपारी पाणी तापलं तेव्हा सगळं बंद. चार वाजले, पाच वाजले. गळ टोचलेली मरळ दुसऱ्या दिवशी परत खाते का, याचं माझ्याकडे कुठलंही माप नव्हतं.

साडेपाचला पुतण्या पोत्याजवळ येऊन बसला. सहाला त्याने चाकू काढून पोत्याची शिवण उसवायला घेतली. मावशी म्हणाल्या, "आजून उजेड हाय." तो थांबला, पण चाकू हातातच राहिला.

सहा वाजून दहा मिनिटांनी पाणकणसाच्या कडेला पाणी फुगलं.

मी या वेळी हिसका दिला नाही. दोरी ताणू दिली आणि मग काठी आडवी ओढली. ती थेट पाणकणसाकडे गेली. मी दोरी सोडली नाही. ०.४० वर सगळं टाकलं. काठी वाकून मूठ पोटात रुतली. पाणकणसाच्या हातभर अलीकडे ती थांबली, वळली, परत गेली, परत थांबली. मला फक्त हिसके जाणवत होते, आणि मी ते मोजत होतो. सहावा, सातवा. आठव्यानंतर ती तळाशी बसली. मी चालत मागे सरकलो आणि ती चिखलातून वर घसरत आली. पुतण्याने चाकू टाकून दोन्ही हातांनी तिला गवतावर लोटलं.

तीन किलो शंभर ग्रॅम. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"हीच न्हवं ती?"

माशी सोडवायला मी तिचं तोंड उघडलं. माझा गळ वरच्या ओठात होता. उजवा जबडा मी पाहिला, मग पुन्हा पाहिला, बोट फिरवलं. तिथे कालची माशी नव्हती. निघून गेली असेल म्हणावं, तर जखमही नव्हती. कातडी अखंड होती.

हे मला एकट्याला दिसत होतं. पुतण्या पोत्याची शिवण हाताने दाबून बंद करत होता. मावशी माझ्याकडे बघत होत्या. हो म्हणालो असतो तर पोतं घरी गेलं असतं.

"मावशी, ही ती नाही," मी म्हणालो. "काल गळ उजव्या जबड्यात लागला होता. हिला तिथे ओरखडासुद्धा नाही. तळ्यात दोन आहेत. निदान दोन."

मावशींनी मान फिरवली. पुतण्याने पोत्याकडे पाहिलं, मग मरळीकडे, मग माझ्याकडे.

"व्हय म्हनला असता तर मला काय कळनार हुतं?"

"काही नाही."

तो बराच वेळ मरळीच्या जबड्यात बोट घालून स्वतः तपासत राहिला. मग उठला, पोतं खांद्यावर घेतलं. "फुडल्या रविवारपत्तूर ह्ये माझ्या घरात ऱ्हाईल. पिल्लं डालग्यात. त्येच्या फुडं मी आयकनार न्हाई."

"दोरा ह्योच वापर," मावशी मला म्हणाल्या.

उजेड अजून पाव तास होता. टिपेटचा शेवटचा वीतभर भाग मरळीच्या दातांनी खरखरीत झाला होता. तो कापला, नवा तुकडा पाण्यात बुडवला, गाठ ओली करून आवळली आणि पुन्हा बांधावर उभा राहिलो.