पाचवं मिनिट नाही

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मॅडम. हिले काही झालं नाही," असं म्हणत काकांनी जाडजूड फाइल माझ्या टेबलावर ठेवली. शेजारी त्यांच्या पत्नी, मंदाकाकू, खुर्चीत सारखी बैठक बदलत होत्या. काका खापरखेड्याच्या वीजनिर्मिती प्लांटमधून बॉयलर ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. कागदावर त्यांचा फार विश्वास.

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. काकूंना डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितला होता. म्हणजे अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा, आणि तपासण्या मात्र स्वच्छ.

मी उत्साहात रोज अर्धा तास चालण्याचा चार्ट दिला. काकूंनी तो इमानदारीत पाळला. चौथ्या दिवशी त्यांना वेणी घालायला हात वर नेता येईना. आठवडाभर त्या अंथरुणावर होत्या.

काकांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही दुरुस्त करून राहिल्या का बिघडवून?"

चूक माझीच होती. दोघांना बोलावून तसं सांगितलं. मग समजावलं, की पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्न आणि ऑक्सिजन वापरून ते आपली ऊर्जा तयार करतात. या आजाराच्या काही पेशंटमध्ये हे काम मंदावलेलं दिसतं. ऊर्जा बनताना थोडे त्रासदायक रेणूही निघतात. शरीर एरवी ते निकामी करतं. तेवढं जमलं नाही की पेशींना इजा होऊ लागते. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हे दुखण्याचं कारण की परिणाम, ते अजून पक्कं ठाऊक नाही.

काकांना ते प्लांटच्या भाषेत कळलं. "म्हणजे जनरेशनच कमी आहे. अन मी हिले लोड घे म्हणून राहिलो."

"सहा वर्षं," काकू शांतपणे म्हणाल्या. "फाइल दाखवून दाखवून."

नवा चार्ट चार मिनिटांचा. बरं वाटलं तरी पाचवं मिनिट नाही. त्रास झाला नाही तर पुढच्या आठवड्यात एक मिनिट जास्त. काका घड्याळ घेऊन सोबत चालू लागले. साडेतीन मिनिटं झाली की पूर्वसूचना.

"दुखणं परवडते मॅडम," काकांकडे बोट दाखवत काकू मला म्हणाल्या, "यायचं घड्याळ नाही परवडत."

दुखणं गेलेलं नाही. पण चार महिन्यांनी काकू अठरा मिनिटं चालतात. परवा कुहीला बहिणीकडे दोन दिवस राहून आल्या, कित्येक वर्षांनी. घरी भाजी काका चिरतात. जाड चिरतात, असं काकूंचं म्हणणं.

आता चार्ट लिहिण्याआधी मी पेशंटला विचारते, काल काय काय झेपलं? आणि जे सांगतील ते खरं मानते. या तपासणीला मशीन लागत नाही, म्हणूनच बहुधा ती शेवटी सुचते.