लॉनसाठी घेतलेली गोण

बंगल्यापुढे लॉन लावायची हौस माझीच. पेणच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांकडे फरशी. मी मात्र शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन सतरंज्यांएवढं गवत वाढवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चपला काढायला लावायचे. गावोगाव भाताची लावणी उरकली त्या सुमारास ते पिवळं पडलं. युरिया मारा, असं कुणीसं सांगितलं.

खताच्या दुकानासमोर ही लांब रांग. त्यातली एकजण मला बघून वळली. जवळच्या जोहे गावची, कधीकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"बाई, तुमी कशाला मागं उभ्या? या, माझ्या फुडं या."

मीही गेले. शिक्षकांना असला मान घ्यायची सवयच लागलेली असते.

"शेती कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"जित्याला."

सातबाऱ्यावर माझं नाव आहे, हे खरं. कसतं दुसरंच कुणी. मी मशीनवर अंगठा टेकवला. गोण बाहेर आली आणि तो म्हणाला, "संपला माल. ही शेवटची. पुढची गाडी कधी येईल, सांगता येत नाही."

"माझं भात पार पिवळं पडलंय हो," ती मागून म्हणाली, त्याला.

गोण तिला द्यावी हे मला सुचलं नाही, असं नाही. सुचलं होतं. पण मग अंगणातल्या गवतासाठी आलेय, हे सगळ्या रांगेसमोर सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली नाही. तिनेच हात लावून गोण रिक्षात चढवली.

लॉनला चार मुठी पुरल्या. आठवड्यात हिरवंगार झालं. उरलेली गोण जिन्याखाली पडून होती. येता-जाता दिसली की स्वतःचीच चीड यायची, तरी जोह्याला जायला पाय उचलत नव्हता.

शेवटी गणपतीची मूर्ती आणायला जोह्याला गेले, तर मूर्तींच्या कारखान्यात तीच रंगकाम करत होती. मागेच तिचं शेत. भात खुरटलेलं, शेजारच्या खाचराच्या निम्मंसुद्धा नाही. मला तिच्याकडे बघवेना.

"माझ्याकडे युरिया उरलाय गं. उद्याच पाठवते."

"आता नको, बाई. लोंब्या निघायला लागल्या, आता घालून काय उपेग नाय." तिने ब्रश खाली ठेवला. "तुमच्या भाताला तरी येळेवर गावला ना?"

"हो," मी म्हणाले. "छान आलंय."