थरथरणारी भिंत

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात कितीतरी घरं बांधली, पण एकाही घराला मागची बाजू नव्हती. टीव्हीच्या मालिकांचे सेट उभारणारा सुतार माणूस. पुढून ऐसपैस दिवाणखाना, मागून नुसत्या फळ्या आणि टेकू. त्यातलं एक घर मात्र बायकोनं आपलं मानलं होतं. मालिकेत ते मोठं दार उघडलं की ती म्हणायची, आलं बाई माझं घर. मग हमखास विचारायची, यात तुम्ही कुठे दिसता? मिस्त्री म्हणायचे, सुतार दिसला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतात.

बायको गेली. मालिका मात्र दुपारची पुन्हा लागायला लागली. मिस्त्री ताट विसळून कोचाच्या एका टोकाला बसत, दुसरं टोक मोकळं ठेवत, आणि तेवढा वेळ आपल्या घरी जाऊन येत.

अशात परगावच्या मुलानं भिंतभर टीव्ही पाठवला. मुलाचं फोनवरचं बोलणं म्हणजे सुटलेल्या बसमागे पळणं: बाबा आवडला ना, मस्तय ना, चला ठेवतो. मिस्त्रींचा होकार नेहमीसारखा बंद फोनलाच ऐकू गेला.

दुपारी मालिका लागली आणि ते पुढे सरकून बघायला लागले. माणसं लोण्यावरून घसरत यावीत तशी चालत होती. सगळं इतकं सुळसुळीत, इतकं उघडं, की संगमरवरी रंगवलेल्या खांबावरचा ब्रशचा हातही दिसावा. त्यात नायिका. तिला रुसायला फार काही लागत नसे. दर भागात एकदा तरी दार आपटायचीच. तिनं दार आपटलं आणि भिंत चक्क थरथरली.

इतक्या वर्षांत ती कधी हलताना दिसली नव्हती. म्हणजे आपलंच काम कच्चं होतं, जुना टीव्ही बिचारा झाकून घेत होता. आणि वेडी बायको शेवटपर्यंत या सेटला आपलं घर म्हणत राहिली. मिस्त्रींनी टीव्हीवर चादर टाकली.

दोन दिवसांनी दुपारी खालच्या मजल्यावरची नर्सबाई रक्तदाब बघायला आली, तिनं चादर बघितली. ही बाई लिफ्टशीसुद्धा पेशंटशी बोलावं तसं बोलायची. सगळं ऐकून घेऊन तिनं चादर काढली, रिमोट हातात घेतला आणि टीव्ही लावला. "घाबरायचं नाही हं आपण. नव्या टीव्हीला खोडच असते. दोन चित्रांच्या मधली नसलेली चित्रं तो पदरची घालतो, म्हणून सगळं गुळगुळीत. आत्ता बंद करू."

मालिकेचीच वेळ होती. बाई सेटिंग शोधेपर्यंत नायिका रुसली, दार आपटलं. भिंत थरथरली आणि तिथल्या तिथे थांबली.

मिस्त्रींचा उजवा खांदा आपोआप पुढे झाला. शूटिंगला दार आपटायच्या वेळी भिंतीमागे खांदा लावून, श्वास रोखून कोण उभं असायचं? तेच. परवा त्यांनी हलणं तेवढं पाहिलं होतं, थांबणं पाहिलंच नव्हतं.

"सापडलं," नर्सबाई म्हणाली. "करते बंद."

"राहू दे."

"अहो, पण भिंत हलतेय."

"हलू दे की. लगेच थांबते ना?"

बाईनं रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, मीठ कमी खायला सांगितलं आणि गेली. मिस्त्री कोचाच्या मोकळ्या टोकाकडे वळले, "ते बघ, थांबली ना? तिथे दिसतो मी," म्हणाले, आणि पुन्हा टीव्हीकडे बघत बसले.