अर्ध्याची रेघ

त्र्याहत्तर साली देवगाव फाट्याजवळ, दोन रस्त्यांच्या बेचक्यात, बौद्ध वस्तीची त्रिकोणी दफनभूमी होती. गावच्या पंचांनी दोन्ही रस्त्यांकडच्या बाजूंचे मध्य काढून तिसऱ्या, ओढ्याकडच्या बाजूला समांतर अशी दगडांची रेघ रोवली. "टोकाकडचं अर्धं तुमचं, बाकी आमी नांगरणार!" अर्धं? बाजू निम्म्या केल्या की क्षेत्र पावच उरतं. धडधडीत चोरी!

या चोरीविरुद्ध पत्रकं वाटायला मी वस्तीत गेलो, तर भर दुपारी एक अनोळखी म्हातारी त्या दगडांपाशी छातीवर हात ठेवून उताणी पडलेली.

"आजी, बरं न्हाई का?"

"ह्यांच्या शेजारी माझी जागा बघायलेय, लेकरा."

तिचा नवरा तिथंच पुरलेला होता. डोकं रेघेच्या अलीकडं, पाय पलीकडं, नांगरायच्या भागात.

"आपण लढू, आजी!"

तिनं कुशीवर वळून माती थोपटली आणि हळूच म्हणाली, "पाय वर घ्या. उद्या नांगर यायलाय."