मुंडल्यांच्या फियाटची दारं

नीळकंठराव मुंडले पाव किलो भेंडी घ्यायची तर एकेक भेंडी मोडून बघायचे. दूधवाला माप ओतत असताना त्याच्या अंगठ्यावर नजर ठेवायचे, अंगठा मापात बुडाला तर तेवढं दूध कमी आलं म्हणून. पिपलानीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. इतकी वर्षं शेजार झाला, पण या माणसाचा माझ्यावर पुरता विश्वास बसलाय असं मला कधी वाटलं नाही.

आम्ही दोघंही कारखान्यात. मी स्टोअर्सला, ते इन्स्पेक्शनला. बाहेरून आलेला माल त्यांनी पास केल्याशिवाय आत जात नसे. खिशात कायम एक लोहचुंबक आणि लाल खडू. नापसंत मालावर खडूची फुली मारली की विषय संपला. बरं, हे कारखान्यातलं कारखान्यात ठेवावं ना? हे ते घरी घेऊन यायचे. कमलिनीवहिनींनी न विचारता दुसरा कप चहा दिला तरी, "आज काय विशेष?" म्हणून विचारायचे. वहिनी हसून सोडून द्यायच्या. राग मला यायचा, आणि अजून येतो.

त्यांच्याकडे एक जुनी फियाट होती. इंजिन ठणठणीत, पण दारं कामातून गेलेली. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत उतरायचं, तळाशी साचायचं, आणि चारही दारांचे खालचे काठ गंजून त्यांची चाळण झाली होती. एकदा बरखेड्याच्या वळणावर वहिनींच्या बाजूचं दार आपोआप उघडलं आणि त्या अर्ध्या बाहेर लोंबकळल्या. तेव्हापासून त्यांनी त्या गाडीचं नाव टाकलं. "दारं बदला, मग बसते," एवढंच म्हणाल्या.

अशात वहिनींचा धाकटा भाऊ शांताराम आजारी पडला. तो मिसरोदला राहायचा. इस्पितळातून त्याला घरी न्यायला सांगितलं, याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळलं. वहिनींना त्याच्याजवळ जायचं होतं, तो बोलताचालता आहे तोवर. गुडघे धरलेले, बस बदलत जाणं जमेना, माझ्या स्कूटरवर तर बसताच येईना. आणि रिक्षाचं नाव काढलं की नीळकंठराव म्हणायचे, "हबीबगंजच्या पुढे रस्ता सुनसान. कोण कसला माणूस, काय सांगता येतं? दारं लागली की मीच नेतो." वहिनींनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या घरात विश्वास ठेवणारं एवढं एकच माणूस होतं.

गोविंदपुऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांचे पत्रे ठोकून देणाऱ्या मुन्ने खाँ डेंटरचं दुकान होतं. त्यानं कबाडखान्यातून भंगारात निघालेल्या फियाटची चार दारं आणून ठेवली. चांगली जाड, काठ शाबूत. मला तर बघताक्षणीच पसंत पडली. नीळकंठरावांनी चुंबक काढला आणि दारावरून इंच इंच फिरवायला सुरुवात केली.

"को खाँ, साब," मुन्ने खाँ तंबाखू मळत म्हणाला, "दरवाजे हैं, कोई रिश्ता थोड़ी कर रिये हो!"

पुढच्या दाराच्या मधोमध चुंबक सटकला. म्हणजे तिथं पत्र्याऐवजी लांबी, पुट्टी, भरलेली. लगेच ती खरवडायला लावली. खाली एक पोचा निघाला. तो काही मोठा नव्हता, पण नीळकंठरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी दाराचं आतलं पॅड उघडायला लावलं, तर तळाशी हिरव्या काचेच्या बांगडीचे तुकडे.

"बघा," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अपघाताची गाडी आहे. बाई गेली असणार."

"अहो, काच खाली करताना हात आपटला तरी बांगडी वाढते," मी म्हणालो. "त्यासाठी बाईनं जीव कशाला द्यायला हवा?"

पण ऐकतील तर ते मुंडले कसले. कबाडखान्यात जाऊन ती गाडी कुणाची होती ते विचारून आले. कबाडीनं सांगितलं, "जिसकी थी, उसने बेच दी." या उत्तरानं तर त्यांचा संशय आणखी वाढला. संध्याकाळी वहिनी फाटकाशी उभ्याच होत्या. "झाली का हो गाडी?"

"उद्या," नीळकंठराव म्हणाले.

शेवटी कशीबशी दारं बसली. मुन्ने खाँनं बिजागऱ्या जुळवल्या, दारं आपटून दाखवली, आवाजसुद्धा छान भरीव आला. वहिनींनी शांतारामच्या आवडीचे कणकेचे लाडू करून डबा भरला. मी म्हटलं, सुटलो. पण मुंडल्यांनी निघता निघता नखानं रंगाचा टवका काढून पाहिला. उजव्या दारांच्या रंगाखाली निळा रंग, डाव्यांच्या खाली पांढरा.

"ही एका गाडीची नाहीत. मग दुसरी गाडी कुठून आली? चोरीची असली तर पोलीस माझ्या दारात येतील." आणि दारं पुन्हा उतरवायला लावली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मुन्ने खाँनं हात जोडले आणि तो चहा प्यायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे फोन आला. शांतारामच्या बायकोचा, लीलावतीचा. "वन्संना आत्ताच्या आत्ता पाठवा."

नीळकंठराव त्याआधीच दुकानावर गेले होते. मी वहिनींना घेऊन बसनं तिथं पोचलो. फियाट बिनदारांची उभी. दारं भिंतीला टेकवलेली, त्यातल्या डाव्या दोन्हींवर लाल फुल्या. मी निरोप सांगितला आणि म्हणालो, "थांबा, रिक्षा आणतो."

वहिनी थांबल्या नाहीत. पदर कमरेला खोचून त्या सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"अगं, दारं नाहीत!" नीळकंठराव ओरडले.

"दारच नाही, तर उघडणार काय?" वहिनी म्हणाल्या. "चला म्हणते ना."

मी मागं बसलो, पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून. रस्त्यानं लोक थांबून बघत होते. हबीबगंजपाशी पोलिसानं शिट्टी मारली, पण तोवर आम्ही पुढे गेलो होतो. होशंगाबाद रोडवर मंडीदीपचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, धूळ तोंडात जात होती. नीळकंठराव गिअर बदलून झाला की डाव्या हातानं वहिनींचा दंड पकडत. वहिनी डबा मांडीवर धरून समोर बघत होत्या. मला दोघांचीही दया आली, खोटं कशाला सांगू.

मिसरोदला पोचलो तेव्हा शांतारामचे डोळे मिटलेले होते. नुसता श्वास चालू होता. वहिनींनी त्याला हाका मारल्या, कपाळावरून हात फिरवला. त्यानं ओ दिली नाही.

"काल संध्याकाळपर्यंत बोलत होते," लीलावती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फार थकली होती. "ताई कधी येते, ताई कधी येते, एवढंच चाललं होतं. मी सांगितलं, गाडीला दारं बसवताहेत."

नीळकंठराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही, आणि त्यांना आपणहून आत यायचं धाडस झालं नाही.

दुपारी वहिनी तोंडावर पाणी मारायला ओसरीवर आल्या. चेहरा कोरडा होता. नीळकंठराव पायरीवर बसले होते, ते उठले. त्यांनी बराच वेळ वहिनींकडे निरखून पाहिलं. ती नजर मी ओळखत होतो.

"तू मला काही बोलत का नाहीस?" ते म्हणाले. "मनात काहीतरी धरलं आहेस. काय आहे ते सांग."

"काही नाही."

"असं कसं? इथं आल्यापासून एक शब्द बोललेली नाहीस. काहीतरी असणारच."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

"मला जे बोलायचं होतं ते शांतारामशी बोलायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.