बंद दाराआडचा कान

पोलंडच्या वुच शहरातील एका जुन्या संगीतसभागृहात एक बाई एकतीस वर्षे पियानो ऐकत आली, आणि तो वाजताना मात्र तिने एकदाही पाहिला नाही.

तिचे नाव लेओकादिया. काम कोट सांभाळण्याचे. श्रोत्याने कोट उतरवून तिच्या हाती द्यावा, पितळी बिल्ला घ्यावा, आत जावे. की दार बंद. दाराच्या आत झुंबरे, रेशमी झगे आणि वादकाची बोटे. दाराबाहेर ओल्या लोकरीचा वास आणि लेओकादिया. पण सूर दार कुठे जुमानतो! तो लाकडातून पाझरतो, भुकेला कान शोधतो आणि तिथे मुक्काम करतो.

वर्तमानपत्राने ज्याला डोक्यावर घेतले, त्याला ही बाई खुशाल नापास करी. "बोटं घोड्यासारखी धावली, पण पोचली कुठंच नाहीत!" झाडलोट करणारी यादविगा चिडवी, "काय समीक्षकबाई, आज कुणाचा बळी?"

तिचा जीव जडला होता हालश्काबाईंच्या वादनावर. वय चौऱ्याहत्तर. दर फेब्रुवारीत त्यांचा एक कार्यक्रम होई, आणि गेली तीन वर्षे डॉ. वालेन्ती हे नामांकित समीक्षक लिहीत होते, 'ठेका सैल झाला आहे.' यंदा कार्यक्रमाच्या संध्याकाळी संचालक त्सेझारी गुच्छ घेऊन कोटघरात आले आणि स्पष्टच बोलले, "उद्या डॉक्टरांनी तेच लिहिलं, तर पुढच्या वर्षी हालश्काबाई नाहीत. हा गुच्छ ठेवा. शेवटी मी मंचावर देईन."

लेओकादियाने फुले मोजली. "साहेब, बारा? सम संख्येनं फुलं थडग्यावर ठेवतात. बाई जिवंत आहेत!"

"डझन सांगितलं, डझन आलं. कोण मोजतंय?"

"मी." तिने एक फूल उपसले आणि आपल्या पाण्याच्या पेल्यात ठेवले.

कार्यक्रम संपला. टाळ्या थांबेनात. श्रोत्यांच्या आग्रहाखातर हालश्काबाई अखेरीस नेहमी एक माझुर्का, म्हणजे तीन ठोक्यांच्या पोलिश लोकनृत्याची धून, वाजवीत. पण गर्दीआधी कोट घेऊन निघून जाण्याची रीत पाळणाऱ्या डॉक्टरांनी ती कधीच ऐकली नव्हती. आजही ते बाहेर आले, दार मिटले, आणि आत पहिला सूर उमटला.

"सत्तेचाळीस," त्यांनी बिल्ला पुढे केला.

"नाही मिळणार. आत वाजत असताना कोट देत नाहीत. भिंतीवर नियम लिहिलाय."

"इतकी वर्षं देत आलात की!"

"चुकलंच माझं. आज सुधारते."

बाहेर उणे पंधरा. डॉक्टर जाणार कुठे? ते चरफडत उभे राहिले. आत माझुर्का चालू लागली. दोन पावले यावी, तिसऱ्यापाशी किंचित थबकावी, लाजावी आणि मग हसून पुढे व्हावी.

"ऐकलंत? तिसरा ठोका उशिरा. हात थकलेत त्यांचे."

"थकलेत? अहो डॉक्टरसाहेब, माझे वडील वोविचकडच्या गावात लग्नांतून व्हायोलिन वाजवायचे. त्याच ठोक्याला पोरी पाय उचलायच्या. पाय वर असताना ठोका घाईनं पडला, तर पोरगी तोंडावर आपटेल ना!"

डॉक्टरांना हसू आवरले नाही. "तुमचं त्या बाईंवर प्रेम आहे, म्हणून तुम्हाला सगळं गोड लागतं."

"मी त्यांना वाजवताना पाहिलंय कुठं? हात थरथरतात का, केस पिकलेत का, मला काय ठाऊक? पहिल्या रांगेत बसून पाहता तुम्ही. मी ऐकते."

डॉक्टरांनी दाराकडे तोंड केले, डोळे मिटले आणि अखेरच्या सुरापर्यंत ते तसेच उभे राहिले. आत टाळ्यांचा पाऊस झाला, तेव्हा लेओकादियाने आपल्या हाताने त्यांच्या खांद्यांवर कोट चढवला.

"तरी मला नाही आवडलं," ते हळूच म्हणाले.

"मग तसंच लिहा ना! 'मला नाही आवडलं' असं लिहा. 'वाईट आहे' असं नका लिहू. तुमची आवड देवानं दिली, माझीही त्यानंच दिली. तुमच्या आवडीला न्यायाधीशाचा झगा कशाला चढवता?"

दुसऱ्या दिवशी संचालक वर्तमानपत्र फडकावीत कोटघरात आले. "काय केलंत त्यांना? वाचा! 'हालश्काबाईंची माझुर्का मला रुचली नाही. कोटघरातील बाईंना रुचली. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.' यात निकालच नाही! मी ठरवू कशावरून?"

"कानावरून. तुम्हालाही दोन आहेत. पुढच्या फेब्रुवारीत आत बसून डोळे मिटा, नाहीतर इथं या, माझ्याजवळ जागा आहे."

संचालकांची नजर पेल्यातल्या त्या एकट्या फुलावर गेली. मग त्यांनी खिशातून डायरी काढली.

"फुलं तेरा सांगितली तर चालतील?"

"चालतील," लेओकादिया म्हणाली, "पण मी मोजणार."